पेटंट नाकारलं, अपील करू का? (ऑफसेट मशीनचे ग्रीपर पॅड)

ग्रीपरवाला · ११ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

इथे पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुना सरफेस ग्राइंडर आणि चार माणसं. ऑफसेट मशीनचे सुटे भाग बनवतो, त्यात जास्त करून ग्रीपर आणि ग्रीपर पॅड.

ज्यांचा छपाईशी संबंध नाही त्यांच्यासाठी: कागद मशीनमध्ये शिरतो तेव्हा त्याची पुढची कड ओळीने बसवलेली लोखंडी बोटं चिमटीत धरतात. ते ग्रीपर. बोट खाली ज्याच्यावर टेकतं तो पॅड. मग एका सिलिंडरचे ग्रीपर कागद दुसऱ्या सिलिंडरच्या ग्रीपरांच्या हाती देतात, असं करत कागद डिलिव्हरीला पोचतो. लग्नपत्रिका छापायला दिलीत की प्रेसवाला सांगतो ना, "एका बाजूला दहा मिलिमीटर ग्रीपर सोडा", ते हेच.

आता दुखणं. जाड बोर्डावर पूर्ण भरीव रंग छापताना शाई चिकट असते, ब्लँकेट (सिलिंडरवरचं रबर, ज्यावरून शाई कागदावर उतरते) कागद सोडत नाही, आणि ग्रीपरमधून कागद किंचित सरकतो. पाव मिलिमीटर सरकला तरी चार रंग एकमेकांवर बसत नाहीत, नवरीची लिपस्टिक हनुवटीवर येते. यावर मी एक पॅड केला. खाली स्टीलचा पाया, वर पॉलियुरेथेनचा थर, थरावर तिरक्या खाचा, म्हणजे वॉश करताना आलेलं केरोसीन आणि शाई साचून न राहता बाहेर निघते. आणि पाया डव्हटेलमध्ये, म्हणजे तळाशी रुंद असलेल्या खोबणीत, सरकवून बसवायचा. पॅड बदलायला ग्रीपर शाफ्ट खोलावा लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तपासणी अहवाल आला, उत्तर दिलं, सुनावणी झाली, आणि ६ मे रोजी नकाराचा आदेश. कारण: प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाच्या आधीच लोकांना माहीत असलेलं. दोन जुनी परदेशी पेटंटं दाखवली आहेत. एकात पॅडवर लवचीक थर आहे, दुसऱ्यात सरकवून बदलता येणारा पॅड. "दोन्ही एकत्र करणं त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल" असं एक वाक्य आणि काम खलास.

दोन्ही पेटंटं केव्हाच संपलेली आहेत! मेलेल्या पेटंटने माझं जिवंत पेटंट कसं अडतं? आणि तिरक्या खाचा दोन्हींत नाहीत. हायकोर्टात अपील करता येतं म्हणतात. करू का? खर्च किती, वेळ किती, कोणाला अनुभव आहे का?

सरळमार्गी · ११ जून, रात्री ११:१५

आपल्याकडे हे असंच चालायचं. छोट्या माणसाला कोण विचारतो. जर्मन कंपनीने हाच अर्ज केला असता तर लाल गालिचा अंथरला असता.

ऐरोली_मेक · ११ जून, रात्री ११:४०

@सरळमार्गी, दाखवलेली दोन्ही पेटंटं परदेशीच आहेत की हो. त्यांच्याच कागदांवर आपला अर्ज अडला, आपले कागद असते तर त्यांचा अडला असता.

@ग्रीपरवाला, अर्जाचा नंबर विपूत (निरोपाने) पाठवाल? १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, म्हणजे आता तो कोणालाही वाचता येतो. मीही वाचतो.

कागदोपत्री · १२ जून, सकाळी ८:०५

मी वाशीला राहते आणि पोटापाण्यासाठी पेटंट अर्जांचंच काम करते. हा कायदेशीर सल्ला समजू नका, तुमचा आदेश मी पाहिलेला नाही. पण काही गैरसमज आधी काढून टाकू.

पहिली गोष्ट, पेटंट संपलं म्हणून त्यातलं ज्ञान संपत नाही. उलट मुदत संपली की ते सगळ्यांचं होतं. वीस वर्षं एकट्याने वापरण्याची मोकळीक मिळते ती याच बोलीवर, की गुपित कागदावर उघड करायचं आणि नंतर ते लोकांना द्यायचं. तेव्हा "संपलेलं पेटंट माझ्या आड कसं येतं" हा मुद्दा अपिलात घालू नका, पहिल्याच पानावर वजन जाईल.

दुसरी, नावीन्य आणि इन्व्हेन्टिव्ह स्टेप या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एकाच जुन्या कागदात तुमची सगळी वस्तू सापडली तर नावीन्य गेलं. तुमच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही, दोन कागद जोडावे लागले. म्हणजे वाद दुसऱ्या पायरीवर आहे. १९७० च्या कायद्यात कलम २(१)(जेए) म्हणतं की आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या कामातल्या जाणकाराला ती सहज सुचणारी नको.

तिसरी, एका वाक्यात नकार. हा तुमचा खरा मुद्दा होऊ शकतो. अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय की इन्व्हेन्टिव्ह स्टेप नाही असं ठरवताना तीन गोष्टी आदेशात दिसायला हव्यात: जुन्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे, आणि जाणकार माणूस पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत कसा पोचेल. नुसतं "सहज सुचेल" म्हणून भागत नाही. दिल्लीचा निकाल मुंबईत बंधनकारक नसतो, पण त्याला वजन असतं.

मुदत: कलम ११७अ, आदेशापासून तीन महिने. ६ मे म्हणजे ६ ऑगस्ट. पूर्वी अपिलं आयपीएबी नावाच्या मंडळाकडे जायची, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट हायकोर्ट.

आणि हे नीट वाचा: अपील जिंकलात तरी बहुतेक वेळा पेटंट हातात पडत नाही. प्रकरण "पुन्हा विचार करा" म्हणून परत पाठवतात. पुन्हा सुनावणी, पुन्हा आदेश. २० वर्षं मोजायची ती अर्जाच्या तारखेपासून, तुमची सहा तर आत्ताच गेली.

तलावपाळी · १२ जून, सकाळी ९:३०

वाचतेय. छपाईतलं ओ की ठो कळत नाही, पण नवरीची लिपस्टिक कळली. आमच्या वहिनीच्या पत्रिकेवर गणपतीला दोन सोंडा आल्या होत्या, त्याचं कारण आज समजलं.

जुना_मशीनमन · १२ जून, दुपारी १:२०

मी ३४ वर्षं मशीनवर काढली. आधी गिरगावात ट्रेडलवर फीडर पोऱ्या, मग हायडेलबर्गची विंडमिल, मग डॉमिनंट, शेवटी तुर्भ्याला चार रंगी. आता कोपरीत घरी बसून नातवंडं सांभाळतो.

राग मानू नका पण पॅडवर काहीतरी चिकटवून पकड वाढवायची यात नवीन काय आहे? आम्ही पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवायचो. सायकलच्या ट्यूबचे पण. ट्यूब दोन दिवसांत केरोसीन पिऊन फुगायची, मग पकड जास्त व्हायची, कागदाला दात उमटायचे, मालक शिव्या घालायचा. ग्रीपर सेट करताना प्रत्येक बोटाखाली कागदाची पट्टी घालून ओढून बघायची, सगळीकडे सारखी अडली पाहिजे. एक बोट घट्ट आणि शेजारचं सैल असलं की कागद तिरका ओढला जाणार. अर्धा वेळ चूक पॅडची नसतेच. स्प्रिंग दमलेली असते नाहीतर शाफ्टचा बुश खाल्लेला असतो. आजकालची पोरं थेट पॅड बदला म्हणतात.

विंडमिलचे ग्रीपर बघायला मजा यायची. दोन हात गरगर फिरतायत, एक कागद आणतोय, एक नेतोय. त्यावरनंच नाव पडलं. ते हात मी तासन्तास बघत बसायचो.

ग्रीपरवाला · १२ जून, दुपारी २:०५

@जुना_मशीनमन काका, राग कसला. सायकल ट्यूबवाल्यांमुळेच माझा धंदा चालू झाला. ती फुगते म्हणून तर पॉलियुरेथेनकडे वळलो, आणि त्यालाही काही सॉल्व्हंट चालत नाहीत म्हणून खाचा आल्या.

पण तुमचं लिहिणं वाचून पोटात गोळा आला. उद्या कोणी म्हणेल की गिरगावात १९८५ मध्येच हे होतं?

वाचनवेडी · १२ जून, दुपारी ३:४५

म्हणेल, पण सिद्ध करावं लागेल. हळदीचं आठवतंय ना? जखमेवर हळद लावायची हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक, तरी १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला अमेरिकेत त्यावर पेटंट मिळालं. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांनी आव्हान दिलं तेव्हा "आमची आजी लावायची" हे तिथे चालणार नव्हतं. संस्कृत ग्रंथ, आणि १९५३ मधला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख, असे छापील दाखले गोळा करून दिले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह करायला घेतला तो याच धड्यातून.

काकांचा पॉलिश पेपर म्हणजे छापखान्यातली हळद. कुठे छापलाय का तो?

जुना_मशीनमन · १२ जून, दुपारी ४:००

छापायचं काम आम्ही दुसऱ्यांचं करायचो ताई. आमचं कोण छापणार.

कागदोपत्री · १२ जून, रात्री ९:१०

@वाचनवेडी, उदाहरण चपखल. एक फरक मात्र आहे. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात दुसऱ्या देशातला नुसता वापर धरत नसत, छापील हवं असे. भारतात विरोध करताना किंवा रद्द करायला जाताना "भारतात सार्वजनिकरीत्या माहीत होतं किंवा वापरात होतं" हेही कारण चालतं, छापलेलं नसलं तरी. फक्त पुरावा हवा: बिलं, जुना नमुना, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार. नुसत्या आठवणीवर कोणी पेटंट रद्द करत नाही.

काकांनी सांगितलं ते आणखी एका अर्थाने कामाचं आहे. "त्या कामातला जाणकार" म्हणजे कोण, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणात येतो. तो प्राध्यापक नसतो. काकांसारखाच कोणी, ज्याला मशीन माहीत आहे, जुने कागद माहीत आहेत, पण चमत्कार सुचत नाही. (काका, तुम्हाला सुचत असतील, मी कायद्यातल्या माणसाबद्दल बोलतेय.)

यावरचा आपल्याकडचा मोठा निकाल गंमत म्हणजे पकडण्याबद्दलचाच आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरची पितळी भांडी लेथवर फिरवताना ती धरून ठेवायचं साधन, त्यावर १९५१ चं पेटंट. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी ते रद्द केलं, खंडपीठाने परत जिवंत केलं, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९७८ मध्ये कायमचं रद्द केलं. म्हणणं असं की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, लेथवर काम करणाऱ्या कोणालाही सुचली असती. पेटंट मिळालं म्हणजे ते वैध आहेच याची हमी नाही, हेही त्यातच आहे. तुमच्या अपिलात समोरून हा निकाल येणारच, असं धरून चाला.

ऐरोली_मेक · १३ जून, रात्री १२:३५

झोप उडाली म्हणून बसून वाचलं सगळं. ग्रीपरसाठी पेटंटांच्या वर्गीकरणात स्वतंत्र कप्पाच आहे, बी ४१ एफ २१/०४. एस्पासनेटवर (पेटंटं शोधायची साइट) तो टाकला की पानंच्या पानं उघडतात. स्टीलचे दाते, रबर, सिरॅमिक, हिऱ्याची कणी लावलेले पॅड, उंची बदलणारे पॅड. कागद धरायचा या एका गोष्टीवर माणसांनी एवढं डोकं लावलंय हे बघून गहिवरून आलं.

आता मुद्द्याचं. ग्रीपरवाला साहेब, तुमचा पहिला क्लेम (अर्जात नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य) मी चार वेळा वाचला. त्यात स्टीलचा पाया आहे, लवचीक थर आहे, डव्हटेल आहे. तिरक्या खाचा नाहीत. खाचा थेट सहाव्या क्लेममध्ये आहेत, तेही "ज्यात थरावर खाचा असू शकतात" अशा ढिल्या भाषेत. खाचा कोणत्या कोनात, कोणत्या बाजूला उतरत्या, का, हे वर्णनात एका परिच्छेदात आहे, क्लेममध्ये नाही.

म्हणजे तुम्ही भांडताय खाचांवर, आणि कुंपण घातलंय थर आणि डव्हटेलभोवती. थर एकात आहे, डव्हटेल दुसऱ्यात आहे.

ग्रीपरवाला · १३ जून, सकाळी ७:१५

अर्ज ज्यांनी लिहून दिला ते म्हणाले होते, पहिला क्लेम जितका मोकळा तितका चांगला, जास्त लोक कचाट्यात येतात.

कागदोपत्री · १३ जून, सकाळी ८:२०

मोकळा ठेवावा हे खरं. पण जाळं मोठं टाकलं की त्यात जुने मासे पण अडकतात. म्हणून मागे अरुंद क्लेम नीट बांधून ठेवायचे असतात, पहिला पडला तर दुसऱ्यावर उभं राहायला. तपासणी अहवालाच्या उत्तरातच खाचा पहिल्या क्लेममध्ये आणायला हव्या होत्या. वर्णनात आहेत म्हणजे आणता आल्या असत्या. वर्णनात नसलेलं काही नंतर घुसवता येत नाही.

आदेशात सहाव्या क्लेमबद्दल वेगळं काही लिहिलंय का?

ग्रीपरवाला · १३ जून, सकाळी ८:३२

"क्लेम २ ते ९ हे पहिल्यावर अवलंबून असल्याने त्यांतही इन्व्हेन्टिव्ह स्टेप नाही."

कागदोपत्री · १३ जून, सकाळी ८:४०

हा तर्क उलटा आहे. पहिला क्लेम टिकला तर त्यावर अवलंबून असलेले टिकतात. पहिला पडला म्हणून बाकीचे आपोआप पडत नाहीत, त्यांच्यात जे जास्तीचं आहे ते तपासावं लागतं. खाचा कुठल्याच जुन्या कागदात नाहीत आणि आदेशात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. अपिलासाठी हा चांगला मुद्दा आहे. मला वाटतं प्रकरण परत पाठवलं जाण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे.

तरी पैसे खर्च करण्याआधी एक विचारते, प्रामाणिकपणे सांगा. ऑगस्ट २०१९ च्या आधी हा पॅड कोणाला विकला होता का? दाखवला होता का? प्रदर्शन, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, काहीही?

सरळमार्गी · १३ जून, सकाळी ११:०५

विकणारच ना ताई. धंदा करायचा की अर्जाची वाट बघत बसायचं?

ग्रीपरवाला · १३ जून, रात्री १०:२०

दिवसभर विचार केला लिहू की नको.

हो. साधारण चाळीस सेट विकले. वागळे, रबाळे, तुर्भे, दोन-तीन भिवंडीला. २०१७ च्या दिवाळीपासून. जीएसटी नुकताच लागला होता, बिलं पक्की आहेत. वापरून बघितल्याशिवाय चालतो की नाही कळणार कसं? चालला म्हणून तर अर्ज केला! पण माझ्या आठवणीप्रमाणे पहिल्या लॉटला खाचा नव्हत्या, साधा सपाट थर होता. खाचा नंतर आल्या, २०१८ च्या शेवटी.

ऐरोली_मेक · १३ जून, रात्री १०:४१

ओह.

कागदोपत्री · १३ जून, रात्री ११:०२

सांगितलंत हे बरं केलंत.

आपल्या कायद्यात कलम ३२ आहे. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात अर्जदाराने स्वतः सार्वजनिक ठिकाणी वापर केला तर तो त्याच्या विरोधात धरत नाहीत, पण तो वापर फक्त चाचणीसाठी असला पाहिजे, आणि ती चाचणी चारचौघांत करणं वस्तूच्या स्वरूपामुळे गरजेचं असलं पाहिजे. एखाद्या ओळखीच्या प्रेसमध्ये दोन पॅड लावून महिनाभर बघणं, हे त्यात बसवायचा प्रयत्न करता येतो. बिल फाडून चाळीस सेट विकणं बसत नाही. गिऱ्हाईकाने पॅड हातात घेतला की सगळं दिसतं, त्यात लपलेलं काही नाही.

त्यामुळे सपाट थराचा पॅड तुम्ही स्वतःच प्रायर आर्ट करून ठेवलात. पण खाचा खरंच २०१८ च्या शेवटी आल्या असतील आणि पहिले काही नुसते चाचणीला दिले असतील, तर थोडी जागा उरते. तारखा कागदावर शोधा. ड्रॉइंग, डायचं बिल, काहीही.

तलावपाळी · १३ जून, रात्री ११:१०

पण हे तपासणाऱ्याला माहीतच नाही ना? आदेशात नाहीये ते. मग गप्प बसलं तर?

कागदोपत्री · १३ जून, रात्री ११:२५

तपासणारा कागद शोधतो, वागळे इस्टेटमधली बिलं त्याला दिसत नाहीत. अपिलातही बहुतेक समोर आलेल्या कागदांवरच चालेल. पेटंट मिळूनही जाईल कदाचित. पण त्याचा उपयोग काय? कोणीतरी नक्कल करेल म्हणून तर ते हवंय. तुम्ही ज्याच्यावर दावा लावाल तो पहिल्याच दिवशी कलम १०७ खाली "हे पेटंटच वैध नाही" म्हणेल, आणि त्याचा वकील तुमची जुनी गिऱ्हाइकं शोधत फिरेल. शिवाय मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, ज्याचा हितसंबंध आहे असा कोणीही विरोध दाखल करू शकतो.

आणि शपथेवर खोटं लिहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

रबाळे_प्रेस · १४ जून, सकाळी १०:५०

हा धागा आमच्या मुलाने दाखवला. ग्रीपरवाला शेठ, ओळखलंत का? तुमच्याकडून दोन सेट घेतले होते, २८ इंची दोन रंगी मशीनला. बिल काढलं फाइलमधून, ऑक्टोबर २०१७, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाचं. पॅड एक नंबर होते हो, त्याबद्दल तक्रार नाही.

एक सेट मशीनवर झिजला, दुसऱ्यातले सहा अजून ड्रॉवरमध्ये आहेत, तुमच्याच पिशवीत. फोटो टाकलाय. खाचा आहेत. तिरक्या.

ऐरोली_मेक · १४ जून, सकाळी १०:५८

फोटो मोठा करून पाहिला. वर्णनातल्या आकृतीत आहे तोच कोन, उतार बाहेरच्या बाजूला.

जुना_मशीनमन · १४ जून, सकाळी ११:३०

प्रेसवाला कागद फेकत नाही. आमच्या मालकाकडे १९७२ ची चलनं होती, उंदरांनी खाल्लेली, पण होती.

ग्रीपरवाला · १४ जून, दुपारी १२:१५

ओळखलं शेठ. तुमच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा तुमच्या मशीनमनने सांगितलं होतं की थरावर शाई साचते. मला वाटत होतं की खाचा त्याच्यानंतर सुचल्या. म्हणजे त्याच्याही आधी होत्या? की पहिला सेट सपाट दिला आणि दुसरा खाचांचा? डोकं चालेना. जुनी वही काढली. २ ऑक्टोबर २०१७ ला सुट्टी होती, त्या दिवशी मी एकट्याने बसून खाचांचा कटर घासला आहे. वहीत माझ्याच अक्षरात आहे.

सात वर्षं मी लोकांना सांगतोय की आधी सपाट होता.

कागदोपत्री · १४ जून, दुपारी १२:४०

तारखेसकट बिल, नमुना आणि तुमची स्वतःची वही. माझ्याकडे असा अशील आला असता तर मी त्याला अपील करूच नका म्हणाले असते.

वाचनवेडी · १४ जून, दुपारी १:०५

अमेरिकेत स्वतःच्या विक्रीला वर्षभराची सवलत असते असं वाचलंय. तिथे अर्ज करता येईल का?

कागदोपत्री · १४ जून, दुपारी १:१५

बरोबर वाचलंत, पण ते वर्ष ऑक्टोबर २०१८ मध्येच संपलं.

सरळमार्गी · १४ जून, दुपारी २:३०

म्हणजे काय, आता कोणीही यांचा पॅड बनवून विकायचा?

कागदोपत्री · १४ जून, दुपारी २:५०

विकू शकतो, हो. पण ग्रीपरवाल्यांचं नाव लावून नाही. नावाचा ट्रेडमार्क नोंदवला नसेल तर आधी तो नोंदवा. पॉलियुरेथेनचं मिश्रण, किती कडक, किती वेळ भट्टीत, हे पॅड हातात घेऊन कळत नाही. ते कोणाला सांगितलं नसेल तर सांगू नका, कामगारांशी लेखी करार करा. डिझाइन नोंदणीचा विचार मनात येईल, पण तिथेही वस्तू आधी बाजारात आलेली चालत नाही.

ग्रीपरवाला · १४ जून, रात्री ९:३५

ठीक. अपील नाही करत. बायको म्हणाली, त्या पैशात दुसरा मिलिंग येईल, ते खरं आहे.

रबाळे शेठ, तुमच्यावर राग नाही. उलट ते सहा पॅड मला परत द्या, बदल्यात नवे बारा देतो. माझ्याकडे पहिल्या लॉटचा एकही शिल्लक नाही.

तसं माझ्याकडे एक नवीन आहे. गेल्या वर्षभरात केलंय, अजून कोणाला दाखवलेलं नाही, मशीनवर फक्त माझ्याच वर्कशॉपमध्ये लावून बघितलं. पातळ कागदावरून जाड बोर्डावर जाताना पॅडची उंची बदलायला प्रत्येक बोटाखालचा स्क्रू फिरवावा लागतो, अर्धा पाऊण तास जातो. मी त्याच्या खाली एक (संपादित)

कागदोपत्री · १४ जून, रात्री ९:३७

थांबा!! पुढचं पुसा! लगेच!

ग्रीपरवाला · १४ जून, रात्री ९:३९

पुसलं.

ऐरोली_मेक · १४ जून, रात्री ९:४१

मी काही वाचलं नाही. खरंच.

कागदोपत्री · १४ जून, रात्री ९:५०

सोमवारी वर्कशॉपला येते. तोवर कोणाला दाखवू नका, विकू तर नकाच, आणि भेटल्यावर आधी गुप्ततेच्या कागदावर सह्या. घाई असेल तर तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करून तारीख पकडता येते, मग पूर्ण वर्णनाला १२ महिने मिळतात. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, तपासणीची ४,००० वेगळी. एक लक्षात ठेवा, तुमचा २०१९ चा अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, म्हणजे आता तोही तुमच्या विरोधात प्रायर आर्ट. नवीन जे आहे ते त्या पॅडहून पुढचं असलं पाहिजे.

तलावपाळी · १४ जून, रात्री १०:०२

स्वतःच्याच अर्जाशी भांडायचं. कठीण आहे बाई.

जुना_मशीनमन · १५ जून, सकाळी ७:४०

ग्रीपरवाला, माझ्या भाच्याचा घणसोलीला प्रेस आहे, जुनं डॉमिनंट चालवतो. त्याला एक सेट खाचांचा हवाय. जुनाच, जो सगळ्यांना माहीत आहे तो.

ग्रीपरवाला · १५ जून, सकाळी ८:१०

देतो काका. भाच्याला शाफ्टचा व्यास आणि बोटं किती आहेत ते मोजून कळवायला सांगा. आणि आधी बुश बघायला सांगा, खाल्लेला असेल तर पॅड घेऊ नका, फुकट जातील.